लोकरीची हळद भाऊजींना

तेवीस नोव्हेंबर, रविवार. सकाळी सहाला मी आठ लडी लोकर रंगवायला घेतली आणि दहाच्या सुमारास माझ्या दिराचं ठरत आलेलं लग्न मोडलं.

दोन्ही कामं मी एकटीने केली. (दुसऱ्या कामात पुढे अर्धी गल्ली हातभार लावायला आली, पण सुरुवात माझी.)

आधी लोकरीचं सांगते. आमच्या महाल भागातल्या महिला मंडळाचं हस्तकलेचं प्रदर्शन डिसेंबरात भरायचं होतं. मागच्या वर्षी पहिला नंबर धंतोलीच्या एका बाईंच्या लोकरी तोरणाला गेला. तोरण सुरेख होतं, नाही कशाला म्हणू? पण लोकर कलकत्त्याहून मागवलेली, रंगीत, तयार! पुडकं सोडायचं आणि विणायला बसायचं. यात कर्तबगारी कोणाची असेल तर ती पोस्टमनची. मी तिथेच ठरवलं, पुढच्या वर्षी झेंडूच्या फुलांचं तोरण करायचं, लोकर इथलीच घ्यायची आणि रंगही घरीच चढवायचा.

बुधवारबाजारात एका धनगरणीकडून हातकताईच्या पांढऱ्या लडी मिळाल्या. रंगाचा प्रश्न मी अर्ध्या मिनिटात सोडवला. झेंडू पिवळा. घरात पिवळं काय असतं? हळद. हळदीचा डाग लुगड्यावर पडला तर लुगडं फाटेपर्यंत जात नाही, मग लोकरीवरून कुठे जाणार? झालं! रंगाचं शास्त्र संपलं. कोणाला विचारायची गरज मला वाटली नाही. मला ती सहसा वाटत नाही.

भांड्यावरून मात्र अडलं. आमच्या सासूबाई सोवळ्यात धाबळी नेसत, म्हणजे लोकर त्यांना चालायची. मेंढी चालायची नाही. माझ्या लडींना मेंढीचा घमघमाट होता. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचला असेल नसेल, आतून आवाज आला, "माझ्या एकाही पातेल्याला त्या मेंढ्या शिवल्या तर बघ!"

मग राहिला न्हाणीतला तांब्याचा हंडा. आंघोळीचं पाणी तापवायचा. चांगला ऐसपैस, खाली चूल पेटलेली, आत पाणी उकळत आलेलं. सासूबाईंची आणि माझी आंघोळ पाचलाच झाली होती, आणि रविवारी आमच्या घरातले पुरुष अकराच्या आत पाण्याकडे फिरकत नाहीत. मी वर्षाची कुटून ठेवलेली हळद बरणीसकट आणली आणि हंड्यात रिकामी केली. सगळी. कमी पडायला नको म्हणून!

त्या दिवशी रविवार होता हे माझ्या लक्षात होतं. पण तो नेहमीचा रविवार नव्हता, आणि अशा रविवारी अकराचा नियम टिकत नाही, ते तेवढं डोक्यातून गेलं.

माझे धाकटे दीर दत्तूभाऊजी हायस्कुलात शास्त्राचे मास्तर. वय अठ्ठावीस. दोन स्थळं पत्रिकेत अडून परत गेली होती. तिसरं नरखेडकडचं, संत्र्यांच्या बागा असलेल्या आप्पाजींचं. मुलीचं नाव कमल, मॅट्रिक पास. पत्रिका जुळली, आम्ही जाऊन मुलगी पाहिली, आणि तेव्हापासून भाऊजी रोज दाढी करायला लागले. पूर्वी आठवड्यातून दोनदा करत. तोंडाने कधी चकार शब्द काढला नाही, पण रोज दाढी म्हणजे काय ते बाईमाणसाला सांगावं लागत नाही. आता तिकडून मुलीचे वडील आणि वडिलांची थोरली बहीण घर बघायला येणार होते. त्याच रविवारी. दुपारी चारला.

दुपारी चारला म्हणून तर मी सकाळी लोकर काढली! चारच्या आत रंगेल, वाळेल, आणि पाहुण्यांसमोर सहज दिसेल अशी पडवीत टांगता येईल, असा माझा बेत. थोरली जाऊ किती गुणाची, हे मुलीकडच्यांना कळलेलं बरं असतं.

आठ वाजता मी लडी काठीने उचलून मागच्या अंगणातल्या बांबूवर निथळत घातल्या. रंग फिका वाटला. म्हटलं, तासाभराने पुन्हा एकदा बुडवू. म्हणून पाणी ओतलं नाही आणि मी पुरणाची डाळ शिजायला टाकायला आत गेले.

तेवढ्यात न्हाव्याने दाढी करून दिलेले, ताजे गुळगुळीत भाऊजी न्हाणीत शिरले. थंडी म्हणून न्हाणीच्या झरोक्याला मीच गोणपाट लावलं होतं, त्यामुळे आत अंधार गुडुप. भाऊजी आंघोळ करताना डोळे मिटून मोठमोठ्याने स्तोत्र म्हणतात. मला आतून स्तोत्र ऐकू येत होतं आणि मी डाळ ढवळत समाधानाने मान डोलवत होते. कशात काही अर्थ आहे का?

स्तोत्र संपलं. भाऊजी पंचा गुंडाळून बाहेर आले आणि अंगणातूनच म्हणाले, "वहिनी, खास माझ्यासाठी उटण्याचं पाणी ठेवलंत वाटतं! वास काय सुरेख येत होता. दिवाळी होऊन गेली तरी आठवणीने केलंत हं!"

मी दारात आले. माझ्या हातातली पळी उंबऱ्यावर पडली.

अंगणात सकाळचं स्वच्छ ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात माझे दीर उभे होते, टाळूपासून टाचेपर्यंत पिवळे. कान पिवळे. नखं पिवळी. जानवं पिवळं. ताज्या दाढीच्या गालांनी तर रंग असा धरला होता की माझ्या लडींना लाज वाटावी.

"भाऊजी," मी म्हटलं, "ते उटणं नव्हतं."

"मग?"

"ती लोकर होती."

त्यांनी हातांकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, मग बांबूवरच्या लडींकडे पाहिलं. शिकलेला माणूस. समजायला वेळ लागला नाही.

"घाबरू नका वहिनी," ते म्हणाले. (मी घाबरले नव्हते. मी चार वाजायला किती वेळ आहे ते मोजत होते.) "साबणाने निघेल." आणि कपड्यांचा मोठा साबण घेऊन ते विहिरीवर गेले.

दोन मिनिटांनी विहिरीवरून जो ओरडा आला तो ऐकून हेसुद्धा वर्तमानपत्र घेऊन मागच्या दारी आले. हे, म्हणजे माझे यजमान. सेक्रेटरिएटात हेडक्लार्क असल्यामुळे यांना कशाचंच आश्चर्य वाटत नाही. यांनी चष्मा वर केला, भावाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मघाशी पिवळा होता ना?"

आता भाऊजी लाल झाले होते. चांगले कुंकवासारखे! छाती लाल, गाल लाल, आणि जिथे साबण पोचला नव्हता तिथे पिवळे ठिपके.

"भाऊजी, हे काय?"

"रासायनिक क्रिया," भाऊजी खोल आवाजात म्हणाले. "हळदीवर क्षार पडला की ती लाल होते. साबणात क्षार असतो. मी दर वर्षी आठवीच्या वर्गाला करून दाखवतो."

"दर वर्षी करून दाखवता, मग साबण लावलात कशाला?"

"आज मी वर्गात नव्हतो ना वहिनी!"

"बरं, उपाय सांगा."

"काहीतरी आंबट लावायचं. मग परत पिवळं होतं."

"आणि पिवळं झाल्यावर?"

भाऊजींनी मान खाली घातली. "तिथपर्यंत अभ्यासक्रम जात नाही."

सासूबाई एव्हाना सोवळ्यात, पूजेला बसायच्या बेतात होत्या. कोणाला शिवायची सोय नव्हती, त्यामुळे त्या उंबऱ्याच्या आत उभ्या राहून नुसते हुकूम सोडत होत्या. "चिंच चोळा त्याला! पितळेची भांडी निघतात, हा नाही निघणार?"

चिंच चोळली. लाल गेलं. पिवळं आलं, आणि आधीपेक्षा झळझळीत आलं.

"आता तेल लावा! आणि उन्हात बसवा. हळद उन्हाने उडते, वाळवणावर बघितली नाही का कधी?"

हे मात्र खरं होतं. पण मागच्या अंगणातलं ऊन एव्हाना माझ्या लडींनी अडवलं होतं. (लडी हलवायचं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्या मनात आलं, पण त्या वाळायला हव्या होत्या.) म्हणून आम्ही भाऊजींना पुढच्या अंगणात नेलं. गार फरशी बाधू नये म्हणून पाट मांडला. ऊन तोंडावर यावं म्हणून पूर्वेकडे तोंड करून बसवलं. अंगभर तेल चोपडलं, तोंडावर पुन्हा एक चिंचेचा लेप दिला, आणि सासूबाईंनी आतून शेवटची ताकीद दिली, "तोंड हलवू नकोस रे, लेप भेगाळेल!"

आणि मी मागे गेले. कशाला, ते सांगायला संकोच वाटतो, पण आता लपवून काय करू? हंड्यातलं पाणी अजून गरम होतं. भाऊजींनी वापरलं तरी निम्म्याच्या वर शिल्लक होतं. वाया कशाला घालवायचं? मी लडींना दुसऱ्यांदा बुडवायला गेले.

आमच्या शेजारच्या चंद्रभागाबाई मनाने सोन्यासारख्या. अडीअडचणीला न बोलावता येतात. अडीअडचण नसली तरी येतात. त्या दिवशी त्यांनी कमरेएवढ्या भिंतीवरून आमच्या अंगणात सहज डोकावलं. त्यांना काय दिसलं? लग्नाचं वय झालेला मुलगा, पाटावर, पूर्वाभिमुख, उघड्या अंगाला तेल, आणि नखशिखांत हळद.

"अवं माय! दत्तूभाऊले हयद लागली!"

भाऊजी लेपामागून नुसते "ऊं! ऊं!" करत राहिले. तोंड हलवायची बंदी होती, आणि आईची आज्ञा मोडायची त्या घरात कोणाची छाती नव्हती.

"लाजू नका गा, लाजू नका! सकाळपासून हयदीचा वास येऊन राहिला, तवाच मले वाटलं! पन घरात एक बाई नाही जवळ? नवरदेव एकटाच बसवला? असं कुठी रायते का?"

पुढच्या पाच मिनिटांत त्या गल्लीतल्या चार सुवासिनींना घेऊन आल्या. रिकाम्या हाताने आल्या असत्या तर एक वेळ निभावलं असतं. पण शुभकार्याला रिकाम्या हाताने कोण येतं? वाटीत स्वतःच्या घरची हळद कालवून आणली होती, आंब्याची पानं आणली होती. जी काय थोडी हळद उन्हाने उडाली असेल ती त्यांनी पाचजणींनी मिळून भरून काढली, आणि वर गाणं धरलं!

गाण्याचा आवाज मागे आला तेव्हा मला वाटलं, कोणाकडे तरी काहीतरी आहे. मी लडी पिळत राहिले.

दुपारचे चार वाजायला सहा तास होते. पण मुलीच्या आत्याबाईंची एक पद्धत होती, ती आम्हाला पुढे कळली. त्या म्हणत, सांगितल्या वेळी गेलं की मांडून ठेवलेलं घर दिसतं, आधी गेलं की खरं घर दिसतं. म्हणून त्या भावाला घेऊन सकाळच्याच पॅसेंजरने निघाल्या, आणि स्टेशनवरून टांगा करून थेट आमच्या दारात उतरल्या.

खरं घर त्यांना दिसलं. नवरा मुलगा पाटावर बसून हळद लावून घेत होता, पाच सुवासिनी गात होत्या, आणि मुलाचा थोरला भाऊ पडवीत वर्तमानपत्र वाचत होता.

मी गाणं कुठून येतंय ते बघायला पुढे आले, हात कोपरापर्यंत पिवळे, पदर खोचलेला, तेव्हा आप्पाजी संत्र्यांची करंडी हातात घेऊन फाटकात थिजले होते. आणि आत्याबाई, उंच, सडसडीत, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या, अगदी शांतपणे चंद्रभागाबाईंना विचारत होत्या, "लग्न कधीचं आहे हो?"

"ते मले नाही सांगतलं बाई," चंद्रभागाबाई म्हणाल्या, "लपूनछपून चाललं हाय सारं. पन हयद त आजच हाय न! दिसून नाही राहिलं?"

आप्पाजींचा चेहरा माझ्या लोकरीचा रंग सोडून बाकी सगळ्या रंगांचा झाला. ते वळले. "ओ तांगेवाले! थांब गा! जाऊ नको! आमी वापस चाललो!"

मी धावले. "अहो, थांबा! लग्नबिग्न काही नाही! ही लोकरीची हळद आहे!"

"लोकरीची?" आत्याबाई म्हणाल्या.

"म्हणजे हळद लोकरीला लावली होती, ती भाऊजींना लागली."

हे वाक्य मी मनात जुळवलं तेव्हा चांगलं समजण्यासारखं वाटलं होतं. मोठ्याने म्हटल्यावर ते वेड्यांच्या इस्पितळातून आल्यासारखं वाटलं. सुवासिनी गायच्या थांबल्या. भाऊजींनी अखेर आईची आज्ञा मोडली आणि तोंड उघडलं. लेपाची एक मोठी खपली त्यांच्या मांडीवर पडली.

"आप्पाजी, ही एक रासायनिक क्रिया..."

"मास्तर, तुमी बोलूच नका!" आप्पाजी कडाडले. "दुसरीकडं लगन ठरवून बसता, अंगाले हयद लावून घेता, अन्‌ आमाले चार वाजता बोलावता? जेवाले का आहेर घ्याले?"

"दुसरीकडे कुठेच नाही हो!" भाऊजी म्हणाले. रोज दाढी करणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. "मला... मला तुमच्याच घरचं..." तेलाने निथळत, पिवळा माणूस काही गोड बोलू गेला तरी ते खरं वाटत नाही, हे त्यांनाही कळलं असावं.

आत्याबाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि माझ्याकडे वळून एकच प्रश्न विचारला. वकिलालाही सुचला नसता असा.

"उष्टी हळद कुठे पाठवली?"

जिला लग्न माहीत आहे तिला हा प्रश्न किती वाईट, ते कळेल. नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद नवरीकडे जाते. उष्टी हळद कुठे गेली ते सांगा, म्हणजे नवरी कोण ते कळलं!

"कुठेही नाही पाठवली," मी म्हटलं. "हंड्यात आहे."

"हंड्यात?"

"न्हाणीत. चला, दाखवते. आणि लोकरही दाखवते. आठ लडी आहेत."

आत्याबाई निघाल्या. त्यांच्या मागे आप्पाजी, करंडीसकट. त्यांच्या मागे चंद्रभागाबाई आणि चारही सुवासिनी, कारण आता त्यांना कोणी बंदूक रोखून बाहेर काढलं असतं तरी त्या गेल्या नसत्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआडून सासूबाई ओरडल्या, "मला शिवू नका कोणी! आणि पाहुण्यांना आधी पाणी विचारा!" (पाणी! त्या घरात त्या वेळी पाण्याचं नाव काढायला नको होतं.)

आप्पाजींनी हंड्यात डोकावलं. विश्वास बसेना म्हणून उजवा हात मनगटापर्यंत बुडवला आणि बाहेर काढला. हात पिवळा. त्यांनी तो घाईघाईने धुवायला विहिरीवरचा साबण उचलला.

"आप्पाजी, साबण नको!" भाऊजी मागून पंचा सावरत धावत आले, पण उशीर झाला होता. हात लाल झाला.

"अरे! हे का होऊन राहिलं?"

आणि तिथे, विहिरीच्या काठावर, तेलाचे ओघळ गाळत, भाऊजींनी क्षार म्हणजे काय, आम्ल म्हणजे काय, हळदीत कोणता गुण असतो, हे सगळं आठवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. चिंच आणून आप्पाजींचा हात परत पिवळा करून दाखवला. साबणाने पुन्हा लाल केला. माणूस शिकवायला लागला की आपण कसे दिसतो ते विसरतो, आणि बघणाराही थोडा वेळ विसरतो. आप्पाजींनी हात तीनदा इकडचा तिकडे करून घेतला. "पुन्हा कर बरं गा," असंही म्हणाले.

पण निकाल त्यांच्या हातात नव्हता. तो आत्याबाईंच्या हातात होता, आणि आत्याबाई बांबूपाशी उभ्या होत्या. त्यांनी एक लड उचलली. पिळून पाहिली. बोटांत चोळून पाहिली. मग नाकाशी नेली, आणि मेंढीच्या वासाने मान झटकली.

"बाई, ही लोकर धुतली नाही?"

"रंगवायची होती, धुवायची कशाला?"

"तुरटी किती घातली?"

"तुरटी?"

आत्याबाईंनी लड दोन्ही हातांत ताणून उन्हात धरली. कुठे पिवळट, कुठे पांढरी, कुठे काहीच नाही. जुन्या उशीसारखी. दोनदा बुडवून!

"मेंढीच्या अंगचा तुपकटपणा आहे तसाच आहे हिच्यावर," त्या म्हणाल्या. "रंग लोकरीत शिरणार कसा? सगळा राहिला पाण्यात, आणि पाणी गेलं मुलाच्या अंगावर." मग त्यांनी चष्मा नीट केला आणि भावाला हाक मारली. "आप्पा, टांगा सोडून दे. ही बाई खरं बोलते आहे."

"कशावरून म्हणतं वं ताई?"

"अरे, एखादी लबाड बाई लग्न लपवायला काहीतरी शहाणपणाचं रचून सांगेल. न धुतलेली लोकर, बिनतुरटीचा रंग, अख्ख्या वर्षाची हळद, तीही आंघोळीच्या हंड्यात, आणि घरी पाहुणे यायच्या दिवशी! इतका गाढवपणा कोणाला ठरवून जमणार नाही. हा मनापासूनच केलेला असतो."

माझ्या बाजूने इतकी भक्कम साक्ष आजवर कोणी दिलेली नाही. मी मान खाली घालून ती स्वीकारली.

"मंग लगन नाही?" चंद्रभागाबाईंचा चेहरा पडला. "आमी एवढी हयद लावली ते?"

"लग्न आहे," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या कमलशी. पण मुलगा आधी धुऊन निघू दे."

भाऊजी खाली बसले. पाट तिथे नव्हता, तरी बसले. तोंड लपवायला त्यांनी दोन्ही हात वर नेले, पण हातही पिवळेच, त्यामुळे फारसं काही लपलं नाही.

मग सगळं सुरळीत झालं. डाळ करपली होती ती सोडून. (तिच्याकडे बघायला माणूस उरलं नव्हतं.) पुरणपोळीऐवजी पिठलं-भात झाला, आणि ताटातलं पिठलं पाहून आप्पाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "यात त काही नाही न?" मी म्हटलं, "फोडणीत चिमूटभर हळद घालायची होती, पण घरात उरली नाही." तेव्हा ते निर्धास्त जेवले. लग्न माघात धरायचं ठरलं. निघताना आत्याबाईंनी मला बाजूला घेऊन रिठ्याने लोकर कशी धुवायची, तुरटीच्या पाण्यात किती वेळ ठेवायची, रंग कसा मंद आचेवर चढवायचा, आणि हळदीचं तोरण उन्हात का टांगायचं नाही, हे पदराला गाठ मारून घ्यावं असं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "कमलला स्वयंपाक शिकवा, विणकाम शिकवा, काय वाटेल ते शिकवा. रंगवायचं मात्र तिलाच तुम्हाला शिकवू द्या. तिला येतं."

आप्पाजी लाल हात टांग्याबाहेर काढून लांबपर्यंत निरोप देत गेले. नरखेडला उतरल्यावर घरच्यांना त्यांनी तो कसा समजावला असेल, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचलाच उठले. हार मानून बसणं माझ्या स्वभावात नाही. आठही लडी रिठ्याच्या कोमट पाण्यात धुतल्या, तीनदा पाणी बदललं, तुपकट फेस गेला, लोकर हाताला हलकी लागायला लागली. तुरटीत घातल्या. हे मेंढीचं काम आटपल्यावरच आंघोळ करायची असं ठरवलं होतं. हळद संपलेली, म्हणून वाटी घेऊन चंद्रभागाबाईंकडे गेले. त्यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आज कोनाले लावतं वं?"

"लोकरीला."

"काल बी तसंच म्हने," त्या म्हणाल्या, पण अर्धी वाटी दिली.

मी परत आले तर विहिरीवर गर्दी. सासूबाई ओलेत्याने स्वयंपाकघराकडे चालल्या होत्या. हे दात वाजवत अंग पुसत होते. अजून कानांमागे पिवळे असलेले भाऊजी डोळे उघडे ठेवून, स्तोत्राशिवाय, गार पाण्याची बादली डोक्यावर ओतत होते. मी न्हाणीत पाऊल टाकायच्या आत तिघांनीही नोव्हेंबरच्या थंडीत आंघोळी उरकल्या होत्या, मला न विचारता, न सांगता.

"हंडा घे तू," हे कुडकुडत म्हणाले. "निवांत घे. आता कोणीच राहिलं नाही."

मला जरा लागलं ते बोलणं. पण काम अडलं होतं. मी चुलीत दोन लाकडं सारली, हळद कालवली, आत्याबाईंनी सांगितलं तशी मंद आच ठेवली आणि आठही लडी हंड्यात सोडल्या. या खेपेला रंग असा चढत गेला की बघत राहावं! एकसारखा, झेंडूचा, अस्सल. मी काठीने लडी वरखाली करत, घामाने चिंब आणि मेंढीच्या वासाने माखलेली, समाधानाने हंड्यात बघत उभी राहिले, आणि मग माझ्या लक्षात आलं की घरात आंघोळीचं एक माणूस अजून राहिलं आहे, आणि ते मी!